वीस गुणांनी हरल्यावर काय करायचं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. स्पर्धेत पहिलं मानांकन, मैदान घरचं, आणि पहिल्याच फेरीत कुणी नाव न ऐकलेल्या कॉलेजकडून तेवीस गुणांनी हार. त्यानंतर दोन मुलांनी जर्सी परत केली, उरलेली मान खाली घालून सरावाला येतात, आणि प्राचार्य विचारतात की पुढच्या वर्षी संघ पाठवायचाच कशाला. तुम्ही विचारताय : "सर, संघ नव्याने बांधू का? बचावाची पद्धत बदलू का? आणि त्या सामन्याचा विषय मुलांपुढे काढू की नको?"

मी पंचवीस वर्षं कॉलेजच्या मुलांना बास्केटबॉल शिकवतोय, तेही बहुतेक उघड्या सिमेंटच्या कोर्टावर. माझ्याकडे या तिन्ही प्रश्नांचं एकच उत्तर आहे, आणि ते माझं स्वतःचं नाही. ते अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१८-१९ च्या हंगामातलं आहे. तो संघ विजेता झाला हे पुष्कळांना माहीत असतं. तो तिथे कसा पोचला, याच्या मात्र गोष्टीच जास्त सांगितल्या जातात. "अपमान गिळला, पेटून उठले, जिंकले." असं काही झालं नाही. पेटलेला संघ फार तर दोन सामने पेटलेला राहतो. हंगाम पाच महिन्यांचा असतो.

आधी हार कशी झाली ते बघू, कारण तुमच्या मुलांना वाटत असेल की जगात आपल्याइतकं कुणाचं नाक कापलं गेलं नाही.

१६ मार्च २०१८, शार्लट शहर. अमेरिकेत विद्यापीठांची राष्ट्रीय स्पर्धा ६८ संघांची असते आणि सगळी बाद पद्धतीची. एक सामना हरलात की सामान बांधायचं. संघ चार विभागांत वाटतात आणि प्रत्येक विभागात एक ते सोळा मानांकन देतात. १९८५ पासून पुरुषांच्या स्पर्धेत पहिलं मानांकन आणि सोळावं मानांकन यांच्यात १३५ सामने झाले होते, आणि सोळावा संघ १३५ वेळा हरला होता. व्हर्जिनिया तर चार पहिल्या मानांकनांतही अव्वल. त्या वर्षी ३१ विजय, फक्त २ पराभव, आणि देशात सर्वांत कमी गुण देणारा संघ. सामन्याला सरासरी ५४ च्या आसपास. समोर यूएमबीसी, म्हणजे मेरीलँड विद्यापीठाची बाल्टिमोर काउंटी शाखा. ते कॉलेज तोवर बुद्धिबळाच्या संघासाठी जास्त ओळखलं जायचं.

मध्यंतराला २१-२१. दुसऱ्या अर्ध्यात यूएमबीसीने ५३ गुण केले. व्हर्जिनिया एरवी अख्ख्या सामन्यात जेवढे देत असे, तेवढे वीस मिनिटांत. शेवट ७४-५४. बरोबर वीस गुण. यूएमबीसीने २४ थ्री (लांबच्या रेषेबाहेरून मारायचे तीन गुणांचे शॉट) मारून १२ टाकले, व्हर्जिनियाने २२ मारून ४. व्हर्जिनियाचा डिआंद्रे हंटर मनगट मोडल्यामुळे बाहेर होता हे खरं, पण वीस गुणांच्या फरकाला एक मनगट पुरत नाही.

त्या रात्री प्रशिक्षक टोनी बेनेट पत्रकारांसमोर गेला तेव्हा त्याने काइल गाय आणि टाय जेरोम या दोघा गार्डना, म्हणजे बॉल खेळवणाऱ्या मुलांना, बरोबर नेलं. (आडनाव खरंच गाय असंच उच्चारतात. आमची मुलं दरवेळी हसतात, हसू देतो.) बेनेटने यूएमबीसीचं मोकळेपणाने कौतुक केलं. पंच नाही, दुखापत नाही, नशीब नाही. ते आमच्यापेक्षा चांगले खेळले, एवढंच.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. पुढच्या हंगामात त्या सामन्याचा विषय निघायचा थांबलाच नाही. प्रत्येक गावात, प्रत्येक पत्रकाराने विचारलं, आणि बेनेटने मुलांना ते टाळायला शिकवलं नाही. गायने त्याच रात्रीचा, स्वतः वाकून उभा असल्याचा आणि मागे यूएमबीसीची मुलं नाचत असल्याचा फोटो फोनवर लावला. आपल्याला चिंतेचा त्रास होतो, हेही त्याने उघडपणे लिहिलं. बेनेटला डोनाल्ड डेव्हिस नावाच्या एका कथाकाराचं भाषण सापडलं होतं. संकट नीट वापरता आलं तर ते तुम्हाला अशा ठिकाणचं तिकीट काढून देतं, जिथे दुसऱ्या वाटेने पोचताच आलं नसतं, असा त्याचा आशय. वर्षभर ते वाक्य संघात फिरत राहिलं.

मला स्वतःला वाक्यांवर फारसा भरवसा नाही. पण विषय काढण्यावर आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझा एक संघ उपांत्य फेरीत अकरा गुणांची आघाडी घालवून हरला. "झालं ते झालं, आता त्यावर बोलायचं नाही," असं मी फर्मान काढलं. परिणाम असा झाला की मुलं माझ्यासमोर सोडून सगळीकडे त्यावरच बोलत होती. वसतिगृहात, चहाच्या टपरीवर, बसमध्ये. आणि त्या बोलण्यात चूक कुणाची हे ठरत गेलं. एका मुलाच्या माथी ते आलं आणि त्याने खेळ सोडला. तो दोष माझा होता. तुमच्या त्या दोन जर्सी परत आल्यात ना, त्या हरल्यामुळे आल्या असं धरून चालू नका. त्यांना घरी जाऊन भेटा.

आता बचावाकडे येऊ, कारण तुम्ही ती पद्धत बदलायला निघालाय.

व्हर्जिनियाच्या बचावाला पॅकलाइन म्हणतात. ती टोनीच्या वडिलांनी, डिक बेनेटनी बसवलेली. विस्कॉन्सिन राज्यात त्यांनी हयात घालवली आणि २००० साली विस्कॉन्सिनला राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत नेलं. कल्पना सोपी आहे. थ्रीच्या रेषेच्या आत, रिंगपासून साधारण सोळा फुटांवर, एक मनातली रेषा आखायची. ज्याच्या माणसाकडे बॉल आहे तो बाहेर जाऊन त्याला भिडतो. बाकीचे चौघे त्या रेषेच्या आत. त्यामुळे ड्रिबल करत आत घुसायला फटच राहत नाही. जिथे घुसाल तिथे दुसऱ्याची छाती. पास बाहेर गेला की ज्याचा माणूस तो धावत जाऊन, शेवटची दोन पावलं आखूड टाकत, हात वर करून शूटरला झाकतो. याला आपण क्लोजआउट म्हणतो. आणि आपला शॉट चुकला की पुढे रिबाउंडसाठी, म्हणजे परत आलेला बॉल पकडायला, गर्दी करायची नाही, मागे पळायचं. फुकटचा लेअप, म्हणजे रिंगजवळचा सोपा शॉट, द्यायचा नाही. समोरच्याला लांबून, हात वर असताना, घड्याळ संपत आल्यावर शॉट घ्यायला लावायचा. चाळीस मिनिटं हेच.

आपल्याकडे हे शिकवताना काय होतं तेही सांगतो. मी पहिल्यांदा पॅकलाइन बसवली तेव्हा कोर्टावर चुन्याने ती रेषा आखली. महिनाभरात मुलं अशी आत उभी राहायला लागली जणू बँकेचे पहारेकरी. आत कुणी घुसत नव्हतं हे खरं, पण बाहेर कुणी जातही नव्हतं. पुढच्या स्पर्धेत मुंबईच्या एका संघाने कोपऱ्यांतून आम्हाला धुऊन काढलं. मी पद्धतीला शिव्या दिल्या आणि झोन लावला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखायची. दोन वर्षांनी लक्षात आलं की पद्धत बरोबर होती, मी रेषा शिकवली होती आणि क्लोजआउट शिकवायचा राहिला होता. पॅकलाइनमध्ये आत उभं राहणं हा आरामाचा भाग आहे. सगळं काम बाहेर पळण्यात आहे.

यूएमबीसीच्या रात्री हेच मोडलं. मग बेनेटने २०१८-१९ ला काय केलं? बचाव बदलला नाही. तीच रेषा, तीच पाठांतरं. जगातल्या प्रत्येक क्रीडापंडिताने सांगितलं होतं की ही पद्धत मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत चालत नाही, फार संथ आहे, फार जुनी आहे. त्याने ऐकलं नाही.

पण टीकेतला एक भाग खरा होता, आणि तो त्याने ऐकला. तो भाग बचावाचा नव्हता, आक्रमणाचा होता. इथे थोडं गणित आलं. व्हर्जिनिया मुद्दाम संथ खेळायचा. तीस सेकंदांचं घड्याळ जवळजवळ संपवून शॉट. त्यामुळे सामन्यात दोन्ही संघांच्या वाट्याला जेमतेम साठ-साठ वेळा बॉल यायचा. तुम्ही दहा वेळा नाणं उडवलंत आणि सात वेळा छापा पडला, तर त्यात नवल नाही. शंभर वेळा उडवून सत्तर छापे पडणं जवळजवळ अशक्य. म्हणजे तुम्ही समोरच्यापेक्षा सरस असाल तर तुम्हाला जास्त वेळा नाणं उडवायला हवंय. संथ खेळून सरस संघ स्वतःचंच सुरक्षाकवच पातळ करतो. आणि एकदा बारा गुणांनी मागे पडलं की संथ संघाला धाप लागते, कारण पटापट गुण करायची सवयच नसते. त्या रात्री नेमकं ते झालं.

यावर दोन उपाय असतात. एक, वेगाने खेळा. बेनेटने तो घेतला नाही. २०१८-१९ मध्येही व्हर्जिनिया अमेरिकेतल्या साडेतीनशे संघांत अगदी तळाच्या वेगाचा होता. दुसरा उपाय : बॉल साठ वेळाच येणार ना, मग त्या साठ वेळांची किंमत वाढवा.

बेनेटचं जुनं आक्रमणही वडिलांचंच. दोन-तीन उंच मुलं स्क्रीन लावत, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत भिंतीसारखी उभी, आणि शूटर त्यांच्याभोवती गिरक्या घेत मोकळे होणार. चांगलं आहे, पण बचाव करणाऱ्याने पाठलाग सोडला नाही तर घड्याळ संपतं आणि शेवटी कुणीतरी वाईट शॉट फेकतो. नव्या हंगामात त्याने याच्या जोडीला बॉलवरच्या स्क्रीनची सलग चाल जास्त वापरली. एका बाजूला बॉलवाल्याला स्क्रीन, तो वळतो, काही मिळालं नाही तर बॉल दुसऱ्या बाजूला, तिकडे लगेच दुसरी स्क्रीन, पुन्हा उलट. यात जेरोमच्या हातात निर्णय आले, आणि जेरोम हा निर्णय घेणारा खेळाडू होता. सडपातळ, फार उडी नाही, पण डोकं शांत. गाय कोपऱ्यात शूटिंगला मोकळा. हंटर बरा होऊन परतलेला, जो समोरच्या कुणालाही बचावात धरू शकत होता आणि थ्रीही मारायचा. शिवाय कॅलिफोर्नियाचा पाच फूट नऊ इंचांचा किहेई क्लार्क, पहिल्या वर्षाचा. गिनी देशातून आलेला ममादी डियाकिते. न्यूझीलंडचा थोराड जॅक सॉल्ट. अलाबामाहून बदलून आलेला ब्रॅक्स्टन की. आधीच्या वर्षी केवळ बचावावर जिंकणारा संघ या वर्षी आक्रमणातही देशातल्या सर्वोत्तम दोन-तीन संघांत गणला गेला. बचावात सामन्याला सुमारे ५६ गुण दिले, म्हणजे आधीपेक्षा किंचित जास्तच.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर : वीस गुणांनी हरलात तर दहा गोष्टी बदलायचा मोह होतो. एकच बदला. आणि जी बदलाल ती हरण्याच्या कारणाशी जोडलेली हवी, हरण्याच्या लाजेशी नको. तुमच्या स्कोअरशीटवर बघा, तेवीस गुणांचा फरक कुठून आला? त्यांनी जास्त टाकले की तुम्ही कमी? दहातल्या सात वेळा उत्तर दुसरं असतं, आणि आपण ओरडतो मात्र बचावावर, कारण बचावावर ओरडायला सोपं जातं.

पहिला प्रश्न, संघ नव्याने बांधायचा का. गाय, जेरोम आणि हंटर तिघेही २०१६ साली एकाच वेळी विद्यापीठात आले होते. हंटरला पहिल्या वर्षी बेनेटने एकही सामना खेळवला नाही. नुसता सराव, वजन, बचाव. फिलाडेल्फियाच्या त्या मुलाला ते अजिबात आवडलं नव्हतं. त्याच सुमारास ड्यूक विद्यापीठ काय करत होतं बघा. त्यांच्याकडे २०१८-१९ ला झायन विल्यमसन, आरजे बॅरेट आणि कॅम रेडिश असे पहिल्या वर्षाचे तीन तारे होते, एक वर्ष खेळून व्यावसायिक होणार हे ठरलेले. ड्यूकने व्हर्जिनियाला त्या हंगामात दोनदा हरवलंही. जानेवारीत ७२-७०, फेब्रुवारीत व्हर्जिनियाच्या घरी ८१-७१, आणि त्या दुसऱ्या सामन्यात २१ थ्रींपैकी १३ टाकून. पॅकलाइनला लागतो तोच घाव. तिसरी हार फ्लोरिडा स्टेटकडून. बस, अख्ख्या हंगामात या तीनच. ३५ विजय, ३ पराभव. मार्चमध्ये ड्यूक शेवटच्या आठांत मिशिगन स्टेटकडून एका गुणाने गेला. तीन वर्षं एकत्र हरलेली-जिंकलेली मुलं पुढे राहिली.

तुमच्या कॉलेजात खेळाडू निवडून आणायची सोय नाही, शिष्यवृत्ती नाही. दुसऱ्या वर्षाला असलेली चार मुलं हीच तुमची पुंजी. ती मोडू नका.

आता मार्च २०१९. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पहिला सामना पुन्हा सोळाव्या मानांकनाशी, गार्डनर-वेब. बारा महिने ज्याची भीती होती तेच ताट समोर. आणि पहिल्या अर्ध्यात व्हर्जिनिया १४ गुणांनी मागे! मी तो सामना इथल्या मध्यरात्री मोबाइलवर बघत होतो आणि खरं सांगतो, मला त्या मुलांकडे बघवत नव्हतं. पण त्यांच्या खेळात बघा. मागे पडल्यावर कुणी वेड्यासारखे थ्री फेकले नाहीत. मध्यंतराला फरक सहावर आला, शेवट ७१-५६. आदल्या वर्षीचा दुसरा अर्धा ज्यांनी भोगला होता, त्यांना "अजून वीस मिनिटं आहेत" हे सांगावं लागलं नाही. मग ओक्लाहोमा ६३-५१. ओरेगन ५३-४९, बघायला कंटाळवाणा, जिंकायला कठीण.

३० मार्च, लुइव्हिल, पर्ड्यूशी सामना. पर्ड्यूचा कार्सन एडवर्ड्स त्या रात्री माणूस राहिला नव्हता. १० थ्री, ४२ गुण. हात तोंडावर असताना, तिरका होऊन, रेषेच्या कितीतरी मागून. अशा वेळी प्रशिक्षकाची परीक्षा असते. सगळे बचाव सोडून त्याच्यावर दोन-दोन माणसं घालायची, की कठीण शॉट कठीणच आहेत असं म्हणून आपली रीत धरून राहायचं? बेनेटने रीत धरली.

सहा सेकंदही उरले नव्हते आणि पर्ड्यू तीन गुणांनी पुढे. त्यांनी मुद्दाम फाऊल केला, म्हणजे व्हर्जिनियाला थ्री मारताच येऊ नये. आपल्याकडेही हा वाद नेहमी होतो, तीनने पुढे असताना फाऊल करायचा की नाही. मी करा म्हणणाऱ्यांतला. पर्ड्यूचं काही चुकलं नाही. जेरोमने पहिला फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारा एका गुणाचा मोकळा शॉट) टाकला, ७०-६८. दुसरा चुकला. गर्दीत डियाकितेने बॉल पकडायचा प्रयत्न केला नाही, तो बोटांनी मागे उडवला. बॉल मध्यरेषेपलीकडे, स्वतःच्या अर्ध्यात गेला. क्लार्क त्याच्यामागे पळाला, उचलला, वळला. जवळ जेरोम हात वर करून बॉल मागत होता, आणि वेळ इतका कमी की दहातले नऊ गार्ड एकतर तिथूनच फेकतील किंवा जवळच्याला देतील. या पहिल्या वर्षाच्या पोराने चाळीसएक फुटांचा सरळ पास डियाकितेला दिला. डियाकितेच्या हातातून शॉट सुटला, बझर वाजला आणि बॉल रिंगमधून गेला. ७०-७०. जादा वेळेत ८०-७५.

शेवटच्या चारांत, मिनियापोलिसला, ऑबर्नशी. पाच मिनिटं उरली असताना व्हर्जिनिया १० ने पुढे, आणि मग सलग १४ गुण खाल्ले. शेवटी दोनने मागे, गायने कोपऱ्यातून थ्री मारला, चुकला, पण शिट्टी वाजली. ऑबर्नच्या खेळाडूने त्याला हवेत असताना धडक दिली होती. ०.६ सेकंद. तीन फ्री थ्रो. स्टेडियममध्ये सत्तर हजारांवर माणसं. गायने पहिला टाकला. दुसरा टाकला. ऑबर्नने टाइमआउट घेतला, त्याला विचार करायला लावायला. परत आला, तिसरा टाकला. ६३-६२.

थोडं आधी जेरोमचं दुहेरी ड्रिबल (थांबवलेलं ड्रिबल पुन्हा सुरू करणं) झालं होतं आणि पंचांनी दिलं नाही, हेही सांगायला हवं. ऑबर्नचे लोक अजून ते काढतात, आणि त्यांचं बरोबर आहे. नशीब होतं. विजेत्या संघाच्या गोष्टीतून लोक नशीब गाळून टाकतात आणि मग आपल्यासारखे प्रशिक्षक उरलेल्या गाळणीतून धडे काढत बसतात. सहा सामन्यांतले तीन व्हर्जिनिया हरता हरता जिंकला. तेच तीन हरला असता तर हेच सगळं, हीच माणसं, हीच पद्धत, आणि मी तुम्हाला दुसऱ्याच संघाचं उदाहरण देत असतो.

अंतिम सामना ८ एप्रिलला टेक्सस टेकशी. दोन्ही संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत, दोन्ही बचावाचे. हंटर पहिल्या अर्ध्यात अगदीच गप्प, फक्त ५ गुण. पण दुसऱ्या टोकाला तो टेक्सस टेकच्या जॅरेट कल्व्हरला धरून होता, आणि कल्व्हरचे २२ शॉटपैकी ५ च पडले. शॉट पडत नाहीत म्हणून बचाव सैल सोडणारी मुलं आपण रोज बघतो. हंटरने सोडला नाही, आणि दुसऱ्या अर्ध्यात शॉट परत आले. तेरा-एक सेकंद उरले असताना जेरोम आत घुसला, बचाव त्याच्याकडे ओढला गेला, आणि त्याने उजव्या कोपऱ्यात हंटरला दिला. थ्री. ६८-६८. जादा वेळ. हंटरचे २७, गायचे २४, जेरोमचे १६ आणि ८ असिस्ट, म्हणजे दुसऱ्याला गुण करून देणारे पास. स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यातला सर्वोत्तम खेळाडू गाय ठरला. ८५-७७.

जादा वेळेतल्या त्यांच्या १७ गुणांतले १२ फ्री थ्रोचे होते. बारा मारले, बारा टाकले.

तुमच्या स्कोअरशीटवर फ्री थ्रोची रांग काढून बघा. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्यात पन्नास टक्के पडले तरी लोक टाळ्या वाजवतात. आपण फ्री थ्रो सरावाच्या सुरुवातीला, ताज्या पायांनी, गप्पा मारत मारतो. मी काही वर्षांपासून ते शेवटी घेतो. धावून धाप लागलेली, प्रत्येकी दोन, बाकी सगळे रेषेवर उभे राहून बघतात, चुकला तर सगळे धावतात. मुलं मला शिव्या देत असणार. पण आमच्या संघाचा आकडा वाढलाय, आणि उपकरण एक रुपयाचं लागलं नाही.

आपल्याला काय लागू नाही तेही बोलून टाकतो, नाहीतर तुम्ही उद्या चुना घेऊन कोर्टावर जाल. त्यांचा हंगाम अडतीस सामन्यांचा. आपला विभागीय स्पर्धा धरून आठ-दहा सामन्यांचा, तोही परीक्षा आणि पावसाच्या मधल्या फटीत. आपण दहा-दहा मिनिटांचे चार भाग आणि चोवीस सेकंदांचं घड्याळ खेळतो, आणि ते घड्याळ अनेक कोर्टांवर एखादा मुलगा तोंडाने मोजत असतो. त्यामुळे त्यांच्याइतकं संथ खेळू नका. आणि पॅकलाइन पूर्ण बसायला दोन वर्षं लागतात. या वर्षी फक्त दोन गोष्टी घ्या : शॉट चुकल्यावर चौघांनी मागे पळणं, आणि क्लोजआउटची शेवटची दोन पावलं. एवढ्याने फुकटचे लेअप आणि मोकळे थ्री दोन्ही कमी होतात.

प्राचार्यांसाठी एक उदाहरण खिशात ठेवा. २०२३ मध्ये पर्ड्यूवरही हीच वेळ आली. पहिलं मानांकन असताना सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून हरले, पुरुषांच्या स्पर्धेत असं घडण्याची ही फक्त दुसरी वेळ. प्रशिक्षक तोच ठेवला, संघ बहुतेक तोच ठेवला. २०२४ ला ते अंतिम सामन्यात होते. तिथे कनेटिकटकडून ७५-६० हरले, म्हणजे गोष्ट तितकी गोड नाही, पण आदल्या मार्चमध्ये कुणी संघ बंद करा म्हणालं नव्हतं.

व्हर्जिनियाचीही पुढची गोष्ट गोड नाही. तिन्ही तारे लगेच व्यावसायिक झाले. बेनेटने विजयानंतर मिळालेली पगारवाढ नाकारली, तो पैसा सहकाऱ्यांसाठी आणि इतर खेळांसाठी वापरा म्हणाला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम सुरू व्हायला तीन आठवडे असताना निवृत्त झाला. २०१९ नंतर राष्ट्रीय स्पर्धेत त्याच्या संघाला एकही सामना जिंकता आला नाही. गंमत म्हणजे आता तिथे मुख्य प्रशिक्षक आहे रायन ओडम, ज्याने २०१८ ला यूएमबीसीच्या बाकावरून त्यांना वीस गुणांनी हरवलं होतं.

तुम्ही शेवटी विचारलंय की मुलांना नेमकं काय दाखवू. विजयाची झगमग दाखवू नका, ती त्यांनी आधीच बघितली असेल. दोन पास दाखवा. पहिला पर्ड्यूविरुद्धचा, क्लार्कने डियाकितेला दिलेला. डियाकितेकडे बघू नका म्हणावं, क्लार्कच्या मानेकडे बघा, बॉल उचलण्याआधी ती वर झाली का ते. दुसरा २०२३ चा, फर्मन विद्यापीठाविरुद्धचा. तोच क्लार्क, आता पाचव्या वर्षाचा, संघातला सर्वांत अनुभवी. व्हर्जिनिया दोन गुणांनी पुढे, काही सेकंद बाकी, बॉल त्याच्याकडे. कोपऱ्यात दोघांनी कोंडल्यावर त्याने बॉल वर भिरकावला, तो फर्मनच्या हातात पडला, पुढच्याच क्षणी थ्री, आणि ६८-६७ ने व्हर्जिनिया पहिल्याच फेरीत बाहेर. टाइमआउट शिल्लक होता. ती चित्रफीत तिथे थांबवा आणि मुलांना विचारा, हाताशी आणखी काय काय होतं. पंधरा मिनिटं ती भांडतील. मधे बोलू नका.